एक प्रश्न, अनेक कर्नल

प्रस्तावना

संगणकाला किती नेटवर्क इंटरफेस आहेत, हे विचारायला सी भाषेत एखादी ओळ पुरेल असं कोणालाही वाटेल. फाइल उघडायला एक फंक्शन आहे, वेळ विचारायला एक आहे, तसं याही कामाला असणारच. प्रत्यक्षात चाळीसहून अधिक वर्षं हा प्रश्न प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला तिच्या तिच्या पद्धतीनेच विचारावा लागतो आहे. मिळणाऱ्या उत्तरांची नुसती मांडणी वेगळी असती तर थोडं टंकन वाढलं असतं, एवढंच. पण इथे मोजदादच जुळत नाही. त्या न जुळण्याची कारणं शोधणं, ती समजून घेणं आणि समजल्यावर सगळीकडे चालेल असा प्रोग्रॅम लिहिणं, हा या पुस्तकाचा विषय.

एक उदाहरण इथलंच देतो. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. त्यांतल्या अनेक यंत्रांवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी होत्या. एक विंडोज ७ आणि दुसरी सी-डॅकची, डेबियनवर बेतलेली ‘बॉस’ लिनक्स. मी राहतो त्या कुंभकोणममधल्या मुलांच्या हातीही ही यंत्रं आली. असा एक लॅपटॉप ‘बॉस’मध्ये सुरू करून इंटरफेसांची यादी मागितली की तीन नावं दिसतात : स्वतःशीच बोलायचा ‘एलओ’, तारेचा ‘ईटीएच०’ आणि बिनतारी ‘डब्ल्यूलॅन०’. तोच लॅपटॉप बंद करून विंडोजमध्ये सुरू केला की ‘लोकल एरिया कनेक्शन’ आणि ‘वायरलेस नेटवर्क कनेक्शन’ तर दिसतातच, शिवाय टेरेडो आणि आयसॅटॅप नावाचे बोगदेही यादीत येतात. त्यांच्यामागे कुठलंही कार्ड नसतं. आता पुन्हा लिनक्सकडे जाऊन तारेची पिन काढून ठेवा आणि हाच प्रश्न जुन्या बर्कली पद्धतीने (तिची ओळख पुढे येते) विचारा. ‘ईटीएच०’ यादीतून गायब होतो, कारण त्या पद्धतीत लिनक्स फक्त आयपी पत्ता मिळालेलेच इंटरफेस सांगतो. यंत्र एकच, कार्डं तीच, याद्या तीन. आणि तिन्ही बरोबर आहेत.

मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात आलं आहे. इंटरफेसांची यादी यंत्रात कुठे तयार पडलेली नसते. आपण विचारलं म्हणून कर्नल ती त्या क्षणी, त्याच्या समजुतीप्रमाणे तयार करतो. आपला प्रश्न नेमका कशाबद्दल आहे हे आधी ठरलं नसेल, तर कितीही ‘#इफडेफ’ रचले तरी प्रोग्रॅम पोर्टेबल होत नाही. तो सगळीकडे कंपाइल होतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळंच काहीतरी सांगतो.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख. इंटरफेस म्हणजे कार्ड नव्हे. कर्नल ज्या ठिकाणी पॅकेट सोपवतो किंवा स्वीकारतो, ती जागा म्हणजे इंटरफेस. त्यामागे इथरनेटचं कार्ड असेल, वाय-फायची चिप असेल, व्हीपीएनचा बोगदा असेल, नाहीतर काहीच नसेल. लूपबॅकच्या मागे काहीच नसतं. प्रत्येक इंटरफेसला नाव असतं, कर्नलने दिलेला क्रमांक असतो, तो चालू आहे की बंद हे सांगणारे फ्लॅग असतात, एका खेपेला किती बाइट नेता येतील याची मर्यादा असते. बऱ्याचदा हार्डवेअर पत्ता असतो. आयपी पत्ते मात्र शून्य, एक किंवा अनेक असू शकतात. गोंधळाचं मूळ या ‘शून्य, एक किंवा अनेक’मध्ये आहे. यादी इंटरफेसांची हवी की पत्त्यांची, हे प्रत्येक पद्धतीने आपापल्या परीने ठरवून टाकलं आहे.

सुरुवात झाली १९८३ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातून आलेल्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये. आज आपण ज्याला सॉकेट म्हणतो ते तिथूनच सगळीकडे पसरलं. एका यंत्राला एखाददुसरं इथरनेट कार्ड असण्याचा तो काळ. यादी मिळवायची सोय तेव्हा आयओसीटीएल या सर्वसंग्राहक कॉलमध्ये बसवली गेली. विनंतीचं नाव ‘सिऑकजीइफकॉन्फ’. प्रोग्रॅमने एक बफर द्यायचा, त्याची लांबी सांगायची, कर्नल त्यात एकामागून एक नोंदी भरणार आणि किती बाइट भरले ते परत सांगणार.

ही विनंती मी वर्गात फळ्यावर हळूहळू उलगडतो, कारण सिस्टिम प्रोग्रॅमिंगमधले कितीतरी धडे तिच्यात एकत्र आले आहेत. समजा बफर छोटा पडला. कर्नलने चूक कळवावी अशी आपली अपेक्षा असते. लिनक्ससकट अनेक सिस्टिम चूक कळवत नाहीत. मावेल तेवढं भरतात आणि यशस्वी म्हणून परततात. यादी अर्धी आहे हे ओळखायची खूण उरत नाही. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंगवरच्या त्यांच्या ग्रंथात यावर उपाय दिला आहे. एकदा विचारायचं, मिळालेली लांबी लक्षात ठेवायची, मोठा बफर घेऊन पुन्हा विचारायचं, आणि दोन्ही वेळची लांबी सारखी आली तरच यादी पूर्ण मानायची. सिस्टिमच्या मौनावर विसंबायचं नाही, तिच्याकडून दुसऱ्यांदा वदवून घ्यायचं, ही शिस्त मला त्या काही ओळींत दिसते. स्टीव्हन्स १९९९ मध्ये गेले. या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण त्यांचा विद्यार्थी आहे, मीही.

दुसरी अडचण नोंदीच्या आकाराची. प्रत्येक नोंदीत नाव आणि पत्ता. पत्त्यासाठी राखलेली जागा १६ बाइट, आणि तेव्हाचा आयपी पत्ता त्या रचनेत आरामात बसत होता. पुढे १९९० च्या ४.३ बीएसडी-रीनोने पत्त्याच्या रचनेत लांबीचा वेगळा बाइट घातला. त्यानंतर बीएसडी घराण्यात पुढची नोंद कुठे सुरू होते हे मागच्या नोंदीतली लांबी वाचून काढावं लागतं, तर लिनक्समध्ये सगळ्या नोंदी एकाच मापाच्या. एका पद्धतीचा लूप दुसरीकडे चालवला की पॉइंटर नोंदीच्या मध्यावर जाऊन पडतो. मग आलं आयपीव्ही६. त्याच्या पत्त्याची रचना २८ बाइटांची. ती १६ बाइटांत कशी मावणार? सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिसमध्ये मोठ्या नोंदींची वेगळी विनंतीच काढली. लिनक्सने जुनी विनंती फक्त आयपीव्ही४ पुरती ठेवली. म्हणजे जो प्रोग्रॅम आजही केवळ ‘सिऑकजीइफकॉन्फ’वर विसंबतो, त्याला लिनक्सवर एकही आयपीव्ही६ पत्ता दिसत नाही.

या बफरच्या परंपरेला पर्याय म्हणून निरोपांची परंपरा उभी राहिली. बीएसडीने राउटिंग सॉकेट आणलं, लिनक्सने नेटलिंक. इथे कर्नलशी संवाद साध्या सॉकेटवरून चालतो. नेटलिंकवर ‘सगळे दुवे सांग’ असा निरोप पाठवला की एकेका इंटरफेसचा निरोप परत येतो, शेवटी ‘संपलं’ असा निरोप येतो. सगळे पत्ते सांग, हा वेगळा निरोप. इंटरफेस आणि पत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे या परंपरेने पहिल्यांदा स्वच्छ मान्य केलं. शिवाय कर्नल न विचारताही कळवू शकतो : तार निघाली, पत्ता बदलला, नवा बोगदा उघडला. माझं मत विचाराल तर या क्षेत्रातली सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना हीच. तिची किंमत म्हणजे निरोपांच्या आतल्या उपनोंदी, त्यांची चार-चार बाइटांची मांडणी, आणि यादी चालू असताना मध्येच काही बदललं तर पुन्हा सुरुवात करायची जबाबदारी. नवख्याचा यात जीव दमतो, हे खरं.

फाइलींच्या परंपरेबद्दल थोडक्यात. लिनक्समध्ये ‘/प्रोक’ आणि ‘/सिस’खाली इंटरफेस वाचता येतात, शेल स्क्रिप्टला ते सोयीचं असतं. पण ती वाट लिनक्सपुरतीच, त्यामुळे या पुस्तकात ती फक्त तपासणीसाठी येते. नेटवर्क व्यवस्थापनाच्या जगात एसएनएमपीने इंटरफेसांचा प्रमाणित तक्ता ठरवून दिला आहे. एका यंत्रावरून दुसऱ्याच्या इंटरफेसांची चौकशी करायची तर तोच मार्ग, पण आपला प्रश्न स्वतःच्या यंत्रापुरता आहे.

सामान्य प्रोग्रॅमरला सुटका मिळाली ती ‘गेटइफॲड्र्स’ या फंक्शनमुळे. ते प्रथम बीएसडीआय कंपनीच्या बीएसडी/ओएसमध्ये आलं, मग इतर बीएसडींनी घेतलं, आणि लिनक्सच्या ग्लिबसीमध्ये २.३ आवृत्तीपासून मिळू लागलं. बफर नको, लांबी नको. एक कॉल, हातात लिंक्ड लिस्ट, काम झाल्यावर ती मोकळी करायची. आज लिनक्स, मॅकओएस, बीएसडी आणि नवी सोलारिस या सगळ्यांवर ते आहे. पण एकच फंक्शन मिळालं म्हणून एकच अर्थ मिळाला असं झालं नाही. ही यादी मुळात पत्त्यांची आहे. एका इंटरफेसला चार पत्ते असतील तर त्याचं नाव चारदा येतं, आणि नोंदी मोजून इंटरफेस मोजणारा फसतो. हार्डवेअर पत्त्याची नोंद लिनक्सवर एका जातीची, बीएसडी व मॅकवर दुसऱ्या. आणि पत्त्याचा पॉइंटर कधी कधी रिकामाही असू शकतो. तो न तपासता त्यातली जात वाचायला गेलेले प्रोग्रॅम वर्षानुवर्षं सुरळीत चालतात आणि कोणीतरी निराळ्या जातीचा बोगदा उघडला की कोसळतात.

युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या पॉझिक्स या प्रमाणाने यातलं किती प्रमाणित केलं, हे पाहण्यासारखं आहे. २००१ च्या आवृत्तीत ‘इफनेमइंडेक्स’ आणि त्याची भावंडं आहेत, म्हणजे नाव आणि क्रमांक एवढंच. आयपीव्ही६ च्या ‘एफई८०’ने सुरू होणाऱ्या स्थानिक पत्त्यांना इंटरफेसचा क्रमांक सोबत लागतो, म्हणून तेवढी गरज सगळ्यांना पटली. पत्त्यांची यादी कशी द्यावी यावर प्रमाण झालं नाही. ‘गेटइफॲड्र्स’ पॉझिक्समध्ये नाही.

विंडोजचं घर वेगळं. तिथे आधी ‘गेटॲडॉप्टर्सइन्फो’ होतं, त्याला फक्त आयपीव्ही४ कळे. एक्सपीपासून ‘गेटॲडॉप्टर्सॲड्रेसेस’ आलं आणि आज तेच वापरावं. इथे यादी इंटरफेसांची असते आणि प्रत्येकाला त्याच्या पत्त्यांची उपयादी टांगलेली असते. ‘गेटइफॲड्र्स’च्या हे नेमकं उलट. बफर पुन्हा आपणच द्यायचा, पण तो छोटा पडला तर इथे चूक स्पष्ट कळवली जाते. मायक्रोसॉफ्टची शिफारस सुरुवातीलाच १५ केबीचा बफर द्यावा अशी आहे. नावाचे प्रकार दोन. एक आत वापरायचं लांबलचक ओळखनाम, दुसरं माणसासाठीचं, जे वापरणारा कुठल्याही लिपीत बदलू शकतो.

नावांचा फरक किती खोल जातो ते आमच्या नदीवरून पाहता येईल. विंडोजवर जोडणीला ‘कावेरी’ असं देवनागरीत खुशाल नाव द्या. लिनक्समध्ये नावासाठी १६ बाइट, त्यांतला शेवटचा शून्याचा, उरले १५. ‘कावेरी’मध्ये मात्रा धरून सहा चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण १८. नाव बसत नाही. तमिळ लिपीतही तेवढेच १८ होतात. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ कर्नलपासून लिनक्सने लांब पर्यायी नावांची सोय केली, त्यात ते बसेल. पण मूळ नाव हेच ओळख मानून १६ बाइटांचा ॲरे राखणारा प्रोग्रॅम विंडोजवर नेला, की अशा नावाचा शेवटच्या अक्षरात तुकडा पडतो. नावाच्या भरवशावर राहू नये याचं आणखी एक कारण आहे. २०१३ च्या सुरुवातीला सिस्टिमडीने इंटरफेसांना जागेवरून नावं द्यायला सुरुवात केली आणि ‘ईटीएच०’च्या जागी ‘ईएनपी३एस०’ सारखी नावं आली. ‘ईटीएच’ने सुरू होणारं नाव शोधणारे असंख्य प्रोग्रॅम त्या बदलाने आंधळे झाले. फ्रीबीएसडीत तर नाव आधीपासूनच ड्रायव्हरवरून पडतं.

जावा, पायथन, गो, नोड यांत ही कामं तयार मिळतात, मग सीपर्यंत उतरायचं कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की या सगळ्यांच्या तळाशी वर सांगितलेलेच कॉल आहेत आणि त्यांचे निर्णय वरपर्यंत झिरपतात. नोडची यादी फक्त पत्ता असलेले इंटरफेस देते. अँड्रॉइड ११ ने नव्या ॲपना नेटलिंकच्या वापरावर बंधन घातलं, तेव्हा गोमध्ये लिहिलेल्या आणि नेटवर्कशी एरवी व्यवस्थित बोलणाऱ्या प्रोग्रॅमांना इंटरफेसांची यादी मागताच ‘परवानगी नाही’ असं उत्तर येऊ लागलं. वरच्या थरात बसून हे कळण्याचा मार्ग नव्हता.

हा विषय आज महत्त्वाचा होण्याची कारणं जवळची आहेत. आयपीव्ही६ चा पहिला आराखडा आणि भारतातली सार्वजनिक इंटरनेट सेवा, दोन्ही १९९५ सालची. पुढची वीस वर्षं आयपीव्ही६ आपल्याकडे अभ्यासक्रमातच राहिलं. २०१६ मध्ये जिओ आल्यावर चित्र पालटलं आणि आज आयपीव्ही६ वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. केवळ आयपीव्ही६ देणाऱ्या मोबाइल नेटवर्कवर जुन्या ॲपसाठी फोन स्वतःच एक आयपीव्ही४ इंटरफेस उभा करतो, त्याचा पत्ता १९२.०.०.४ सारखा असतो. यादीत तो पाहून ‘हा माझा पत्ता’ म्हणून दुसऱ्याला कळवणारा प्रोग्रॅम कधीच जोडला जाणार नाही. कुंभकोणमच्या बाजारपेठेत दुकानदाराच्या हातातल्या फोनवर ही परिस्थिती रोजची असू शकते. प्रयोगशाळेतल्या तारेच्या यंत्रावर शिकलेल्या मुलाला मात्र ती कोणी दाखवलेली नसते.

दुसरं कारण कंटेनर. २००८ पासून लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे इंटरफेसांचे वेगवेगळे कप्पे, वापरता येऊ लागले आणि डॉकरने ते सर्वांच्या हाती दिले. यजमान यंत्रावर यादी मागितली तर ‘डॉकर०’ आणि डझनावारी आभासी जोड्या दिसतात, कंटेनरच्या आत मागितली तर सहसा दोनच. उत्तर कोण विचारतो यावरही अवलंबून असतं, ही गोष्ट आता अपवाद राहिलेली नाही. तिसरं कारण खासगीपणा. हार्डवेअर पत्ता हा माणसाचा माग काढायला उपयोगी पडतो, म्हणून अँड्रॉइड ६ पासून ॲपना खऱ्याऐवजी ठरावीक खोटा पत्ता मिळू लागला आणि ११ मध्ये तोही दरवाजा बंद झाला. ब्राउझरांनीही २०१९ च्या सुमारास पानांपासून स्थानिक पत्ते लपवायला सुरुवात केली. कर्नलने सांगितलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मानून चालत नाही. यादीतल्या रिकाम्या रकान्याला ‘नाही’ आणि ‘सांगत नाही’ असे दोन अर्थ आहेत, आणि चांगल्या प्रोग्रॅमने ते वेगळे ठेवले पाहिजेत.

पोर्टेबिलिटीबद्दल दोन मतप्रवाह आहेत. एक म्हणतो, सगळे फरक एका थराखाली झाकून वरती एकच साधी रचना द्या. लिबयूव्हीसारख्या लायब्ररी या वाटेने जातात, आणि ज्याला फक्त सर्व्हर चालवायचा आहे त्याला ते पुरतं. दुसरा म्हणतो, जे सर्वत्र समान आहे तेवढंच समान ठेवा, आणि जे कुठे आहे नि कुठे नाही ते उघडपणे तसं मांडा. मी दुसऱ्या बाजूचा आहे. झाकलेला फरक कुठेतरी उफाळतोच, आणि तेव्हा तो शोधायला साधनं हाताशी नसतात. याला इथलंच एक जुनं उदाहरण आहे. राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तिन्हीकडची भाषा निराळी, महसुलाची रीत निराळी. जमा किती, खर्च किती, देणं किती, हे प्रश्न तिन्ही दरबारांत एकच होते, आणि त्यांची उत्तरं काढायला तिथली तिथली रीत शिकावीच लागली असणार. पोर्टेबल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

म्हणून या पुस्तकात आधी प्रश्न येतो, मग फंक्शन. ‘सगळे इंटरफेस’, ‘चालू असलेले इंटरफेस’, ‘सगळे पत्ते’, ‘ज्यावरून बाहेरचं जग गाठता येईल तो पत्ता’ हे चार प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवले आहेत. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम यांतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते आणि कुठल्याचं जुळवून काढावं लागतं, हे पाहत पुस्तक पुढे जातं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा यादीत नसतंच, राउटिंग टेबलमध्ये असतं. तिथे यादी सोडून यूडीपी सॉकेट जोडून बघावं आणि कर्नलने कुठला पत्ता निवडला ते विचारावं, असं मी स्पष्ट सांगितलं आहे. यादीतला पहिला पत्ता उचलायचा, या सवयीने मी पाहिलेल्या प्रोग्रॅमांचं जितकं नुकसान केलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

हे मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निक आणि तालुक्याच्या कॉलेजांतल्या मुलांना सी भाषा येते, पॉइंटर येतात, पण कर्नलच्या दारात नेऊन सोडणारं पुस्तक त्यांच्या भाषेत मिळत नाही. लिहिणारा कुंभकोणममध्ये राहतो, सुमारे साडेतीनशे वर्षांपासून मराठी बोलली जाते अशा मुलखात, तेव्हा इथून ते लिहायला काही आडकाठी वाटली नाही. वर्ग तमिळ आणि इंग्रजीत चालतात. पुस्तकातल्या पुष्कळ शंका तिथल्याच मुलांनी विचारलेल्या आहेत, त्यांची नावं न घेता त्यांचे आभार मानतो.

वाय-फायची सुरक्षा, पॅकेट पकडणं आणि ड्रायव्हर लिहिणं हे विषय मुद्दाम घेतलेले नाहीत. वाचकाकडे सी भाषेची बऱ्यापैकी ओळख आणि किमान दोन ऑपरेटिंग सिस्टिम हव्यात. एकाच लॅपटॉपवर दोन्ही असल्या तर उत्तम. बीएसडी आभासी यंत्रात बसवून घेतली तर बराच लाभ होईल, कारण लिनक्सपुरत्या असलेल्या सवयी तिथे लगेच उघड्या पडतात. प्रत्येक प्रोग्रॅम तार जोडून एकदा, तार काढून एकदा आणि व्हीपीएन सुरू करून एकदा चालवावा. तिन्ही वेळचं आउटपुट वहीत शेजारी शेजारी उतरवून घ्यावं आणि फरक कुठल्या ओळीमुळे पडला ते सापडल्याशिवाय पुढच्या प्रकरणाकडे वळू नये.